कोर्टवरून बाकाकडे

एप्रिल १९६६ मध्ये बॉस्टन सेल्टिक्स संघाने प्रशिक्षक रेड आउरबाख यांचा वारस म्हणून बिल रसेल यांचे नाव जाहीर केले आणि एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेला पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक मिळाला. ही घटना बहुधा आउरबाख यांच्या उदारपणाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. त्या उदारपणाला आधार आहे. डिसेंबर १९६४ मध्ये पाचही कृष्णवर्णीय खेळाडू सुरुवातीलाच कोर्टवर उतरवणारे प्रशिक्षक तेच होते. पण आउरबाख यांनी आधी विचारणा केली होती ती फ्रँक रॅमसे, बॉब कूझी आणि टॉम हाइनसन या संघाच्या माजी खेळाडूंना. तिघेही गोरे होते, आणि तिघांनीही नकार दिला. शिवाय रसेल यांना प्रशिक्षकपद मिळाले तेव्हा ते निवृत्त झालेले नव्हते, खेळतच होते. हा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माझ्या मते कृष्णवर्णीयांसाठी प्रशिक्षकपदाचे दार उघडले ‘खेळाडू-प्रशिक्षक’ या जुन्या प्रथेने. कृष्णवर्णीय माणसाची बुद्धी मान्य करायला अमेरिकी क्रीडाविश्व तयार झाले, ते त्याच्या खेळावाचून आपले चालत नाही हे कळल्यावरच.

रसेल यांच्या बाबतीत हे कळायला वेळ लागू नये, असाच त्यांचा खेळ होता. १९३४ मध्ये लुइझियानात जन्मलेल्या आणि कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये वाढलेल्या या खेळाडूने सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाला १९५५ आणि १९५६ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. मेलबर्न ऑलिम्पिकचे सुवर्णपदक घेऊन ते सेल्टिक्समध्ये आले आणि १३ हंगामांत ११ वेळा तो संघ विजेता झाला. ही किमया केवळ उंचीची नव्हती. प्रतिस्पर्ध्याची फेक अडवताना चेंडू प्रेक्षकांत भिरकावून द्यायचा मोह बहुतेकांना होतो. रसेल तो सहकाऱ्याच्या हाती जाईल असा वळवत, आणि बचावाच्या त्याच क्षणी चढाई सुरू होई. कोण कुठून फेकतो, कोणत्या बाजूला झुकतो, याचा त्यांचा अभ्यास चाले. अडवलेल्या फेकींची अधिकृत नोंद एनबीएने १९७३-७४ पासून ठेवली. रसेल त्याआधीच, १९६९ मध्ये, निवृत्त झाले होते. म्हणजे ज्या कामात त्यांची बुद्धी सर्वाधिक दिसे, त्याचा हिशेब आकड्यांत उरलाच नाही.

प्रशिक्षक म्हणून त्यांना मदतनीसही नव्हता. खेळाडू कधी बदलायचा, टाइमआउट कधी घ्यायचा, हे निर्णय ते स्वतः धावता धावता घेत. पहिल्या हंगामात ६० सामने जिंकूनही फिलाडेल्फियाविरुद्धची बाद फेरीतली मालिका १-४ अशी हातून गेली. पुढच्या वर्षी त्याच संघाविरुद्ध १-३ अशा पिछाडीवरून त्यांनी मालिका ४-३ जिंकली आणि मग विजेतेपदही. एनबीएत तोवर अशी पिछाडी कोणी भरून काढली नव्हती. १९६९ मध्ये पूर्व विभागात चौथा आलेला हाच वयस्कर संघ लॉस एंजेलिसमध्ये लेकर्सविरुद्धचा अंतिम मालिकेतला सातवा सामना १०८-१०६ असा जिंकून पुन्हा अजिंक्य ठरला.

ही एकट्या रसेल यांची कहाणी असती, तर प्रथेबद्दल निष्कर्ष काढणे घाईचे ठरले असते. पण १९६९ मध्ये सिअ‍ॅटलने नेमलेले लेनी विल्कन्स आणि १९७० मध्ये वॉरियर्सची सूत्रे हाती घेतलेले अल अ‍ॅटल्स हे दोघे कृष्णवर्णीयही खेळाडू-प्रशिक्षकच होते. दुसऱ्या खेळांतही तेच दिसते. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक स्पर्धेत १९२१ साली अ‍ॅक्रनच्या संघाचे नेतृत्व करणारे फ्रिट्झ पोलार्ड त्या संघातून खेळतही होते. बेसबॉलच्या प्रमुख स्पर्धेतले पहिले कृष्णवर्णीय व्यवस्थापक फ्रँक रॉबिन्सन १९७५ मध्ये क्लीव्हलंडसाठी स्वतः बॅटही हाती धरत होते. फुटबॉलमधून ही प्रथा गेली, आणि पोलार्ड यांच्यानंतर त्या स्पर्धेला पुढचा कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक, आर्ट शेल, थेट १९८९ मध्ये मिळाला. उलट बाजूचा पुरावा जॉन मॅकलेंडन यांचा आहे. बास्केटबॉलचे जनक जेम्स नायस्मिथ यांच्याकडे ते कॅन्सस विद्यापीठात शिकले. वर्णामुळे विद्यापीठाच्या संघातून मात्र त्यांना खेळता आले नाही. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी टेनेसीच्या महाविद्यालयाला १९५७ ते १९५९ अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदे दिली. तरी एनबीएच्या एकाही संघाने त्यांना मुख्य प्रशिक्षक केले नाही. त्यांच्याकडे विद्या होती, पण कोणत्याही मालकाला त्यांच्या खेळाची गरज नव्हती.

यावर कोणी म्हणेल की खेळाडू-प्रशिक्षक नेमण्यामागे काटकसर होती, वर्णाचा संबंध नव्हता. काटकसर असेलही, आणि गोरे खेळाडूही असे नेमले जात. पण गोऱ्यांसाठी हा अनेक मार्गांपैकी एक होता. एनबीएत कृष्णवर्णीयांसाठी सुरुवातीला तेवढाच होता. केवळ बाकावर बसून संघ सांभाळणारे अर्ल लॉइड डेट्रॉइटला आले, तेव्हा १९७१ उजाडले होते. दुसरा आक्षेप असा की रसेल यांचे यश मुळात खेळाडू रसेलचे होते. १९८७-८८ मध्ये सॅक्रामेंटोत त्यांच्या हाताखाली १७ विजय आणि ४१ पराभव झाले. तो हंगाम अपयशीच होता, हे नाकारता येत नाही. पण १९७५ मध्ये सिअ‍ॅटलला त्यांनी इतिहासात प्रथमच बाद फेरीत नेले, तेही बाकावरूनच. आणि एखाद्या अपयशाने नेमणूकच चुकीची ठरत असेल, तर ती कसोटी गोऱ्या प्रशिक्षकांनाही लावावी लागेल.

१९७५ च्या अंतिम मालिकेत अ‍ॅटल्स यांच्या वॉरियर्ससमोर रसेल यांचे जुने सहकारी के. सी. जोन्स यांचा वॉशिंग्टन संघ होता; दोन्ही बाकांवर कृष्णवर्णीय प्रशिक्षक होते. रसेल यांच्या नेमणुकीला तेव्हा नऊच वर्षे झाली होती. त्याच वर्षी बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेमने रसेल यांना खेळाडू म्हणून मान दिला. प्रशिक्षक म्हणून तोच मान मिळायला मात्र २०२१ साल उजाडले, त्यांच्या मृत्यूच्या केवळ एक वर्ष आधी. त्यांचे खेळणे जगाला लगेच दिसले होते. त्यामागची बुद्धी वेगळी मोजायला आणखी ४६ वर्षे गेली.