नायिकेचा वर्ण आणि पुस्तकाचे कपाट : अमेरिकन प्रणयकादंबरी व अर्बन फँटसीतील गौरेतर नायक-नायिकांचा शोध

प्रास्ताविक

मराठी वाचकाला आफ्रिकन-अमेरिकन साहित्याचा परिचय झाला तो मुख्यतः विद्रोहाच्या वाटेने. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतले. त्यानंतर दलित साहित्याच्या चर्चेत कृष्णवर्णीयांची आत्मकथने, कविता आणि निषेधपर कादंबरी यांचे दाखले वारंवार दिले गेले. या परिचयात एक मोठे क्षेत्र मात्र वगळले गेले, ते म्हणजे लोकप्रिय कादंबरीचे. ज्या समाजाच्या वेदनेचे साहित्य आपण वाचले, त्याच समाजातील असंख्य स्त्रिया प्रेमकथाही वाचत होत्या, आणि त्या प्रेमकथेची नायिका आपल्यासारखी दिसावी अशी त्यांची साधी अपेक्षा होती. ती पूर्ण होण्यास फार काळ लागला. पुढे अशी पुस्तके लिहिली गेली, छापली गेली, तरी ती वाचकाच्या हाती सहजासहजी पडली नाहीत. पुस्तक अस्तित्वात असणे आणि ते सापडणे या दोन भिन्न गोष्टी होत. प्रस्तुत निबंधात दुसऱ्या गोष्टीचा इतिहास पाहावयाचा आहे.

लेखक कृष्णवर्णीय, नायक गौरवर्णीय

फ्रँक यर्बी या कृष्णवर्णीय लेखकाची ‘द फॉक्सेस ऑफ हॅरो’ ही कादंबरी १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा प्रचंड खप झाला आणि पुढच्याच वर्षी तिच्यावर चित्रपट निघाला. यर्बी हे प्रणयप्रधान ऐतिहासिक कादंबरीचे अत्यंत यशस्वी लेखक ठरले. परंतु ज्या कादंबऱ्यांनी त्यांना हे यश दिले त्यांचे नायक प्रायः गौरवर्णीय होते. लेखकाचा वर्ण बाजारपेठेला चालत होता, कारण तो मुखपृष्ठावर दिसत नव्हता. कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांच्या प्रेमाच्या कथा याच काळात ‘टॅन कन्फेशन्स’सारख्या मासिकांतून छापल्या जात. जॉन्सन पब्लिशिंग कंपनीने हे मासिक १९५० मध्ये सुरू केले होते. मासिकाची कथा महिना संपताच जुनी होते. तिला पुस्तकाचे आयुष्य नसते.

पुस्तकरूपातील बदलाचे श्रेय प्रामुख्याने एका संपादिकेकडे जाते. व्हिव्हियन स्टीफन्स या कृष्णवर्णीय संपादिका डेल प्रकाशनाच्या ‘कँडललाइट’ या प्रणयकादंबरी-मालेचे काम पाहत होत्या. त्यांनी १९८० मध्ये रोझलिंड वेल्स या टोपणनावाने लिहिलेली ‘एन्ट्वाइन्ड डेस्टिनीज’ प्रकाशित केली. लेखिका होत्या पत्रकार एल्सी वॉशिंग्टन. नायक-नायिका आणि लेखिका सर्व कृष्णवर्णीय असलेली, मोठ्या प्रकाशकाच्या प्रणयमालेतील ही पहिली कादंबरी मानली जाते. स्टीफन्स यांनी त्याच वर्षी ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या लेखकसंघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. पुढे हार्लेक्विन या बलाढ्य प्रकाशनसंस्थेत गेल्यावर त्यांनी सँड्रा किट यांचे लेखन स्वीकारले. किट यांची ‘अ‍ॅडम अँड ईव्हा’ १९८४ मध्ये आली. त्याच वर्षी स्टीफन्स यांचे हार्लेक्विनमधील काम संपुष्टात आले. एका व्यक्तीच्या खुर्चीवर अवलंबून असलेले दार ती व्यक्ती उठताच जवळजवळ बंद झाले.

स्वतंत्र माला : पत्ता आणि कुंपण

१९९२ मध्ये टेरी मॅकमिलन यांच्या ‘वेटिंग टू एक्झेल’ या कादंबरीला लाभलेल्या यशाने प्रकाशकांचा एक जुना समज खोटा ठरविला. कृष्णवर्णीय स्त्रिया पुस्तके विकत घेत नाहीत, असा तो समज होता. १९९४ मध्ये केन्सिंग्टन या प्रकाशनसंस्थेने ‘अ‍ॅराबेस्क’ ही केवळ कृष्णवर्णीय नायक-नायिकांच्या प्रणयकादंबऱ्यांची माला सुरू केली. फ्रान्सिस रे आणि सँड्रा किट यांची पुस्तके तिच्या आरंभीची होत.

या मालेचे महत्त्व वाचकाच्या बाजूने पाहिल्यावर अधिक स्पष्ट होते. शेकडो सारख्या दिसणाऱ्या पेपरबॅकांतून नेमके आपले पुस्तक शोधण्यासाठी आता एक खूण मिळाली होती. मालेचे नाव आणि मुखपृष्ठावरील युगुल पाहिले की आतील मजकुराची शाश्वती पटे. पण याच खुणेवरून विक्रेताही निर्णय घेई. अनेक दुकानांत ही पुस्तके प्रणयकादंबऱ्यांच्या विभागात न लागता ‘आफ्रिकन-अमेरिकन साहित्य’ या वेगळ्या कपाटात लागत. २०११ मध्ये बंद पडलेल्या बॉर्डर्स या दुकानसाखळीत अशी स्वतंत्र कपाटे होती. तेथे समाजशास्त्र, चरित्र आणि प्रेमकथा शेजारी शेजारी नांदत. जी वाचक केवळ ‘प्रेमकथा’ शोधत आली असेल तिची आणि या पुस्तकाची गाठच पडत नसे. अशा कपाटाला केवळ भेदभाव म्हणून निकालात काढणे सोपे आहे. ज्या वाचकांना त्याच कपाटाने प्रथम आपले पुस्तक दिले, त्यांचे मत वेगळे असणे स्वाभाविक आहे.

१९९४ मध्येच बेव्हर्ली जेन्किन्स यांची ‘नाइट साँग’ ही कादंबरी एव्हॉन प्रकाशनाने काढली. यादवी युद्धानंतरच्या कॅन्ससमधील कृष्णवर्णीयांच्या वस्तीत ती घडते. नायिका शिक्षिका आहे आणि नायक घोडदळातील सैनिक. एकोणिसाव्या शतकातील कृष्णवर्णीय म्हणजे गुलाम, हे समीकरण डोक्यात घट्ट बसलेल्या संपादकांना या कथेचे काय करावे हेच प्रथम उमगले नव्हते. जेन्किन्स यांनी आपल्या कादंबऱ्यांच्या शेवटी संदर्भग्रंथांची सूची देण्याचा प्रघात ठेवला. प्रेमकथेला संदर्भसूची जोडावी लागणे, यात त्या लेखिकेच्या व्यासंगाइतकाच तिच्यावरील अविश्वासाचाही पुरावा आहे.

‘अर्बन’ या शब्दाचे दोन अर्थ

आधुनिक महानगरात पिशाच, जादू आणि देवदानव वावरत आहेत अशी कल्पना करणाऱ्या कादंबरीला ‘अर्बन फँटसी’ म्हणतात. या प्रकारात शोधाची अडचण अधिक चमत्कारिक होती. १९९९ मध्ये सिस्टर सोल्जा यांची ‘द कोल्डेस्ट विंटर एव्हर’ गाजल्यानंतर ग्रंथव्यवहारात ‘अर्बन फिक्शन’ हे नाव कृष्णवर्णीय वस्त्यांतील गुन्हेगारी जीवनाच्या कादंबरीला रूढ झाले. म्हणजे एका संज्ञेत ‘अर्बन’ हा शब्द जवळजवळ ‘कृष्णवर्णीय’ या अर्थाने वापरला जाई, तर दुसऱ्या संज्ञेतील महानगराचे नायकत्व बहुधा गौरवर्णीयांकडे असे. ज्या शहरांची ओळखच मिश्र लोकसंख्येने घडली, तेथील पिशाचे तेवढी युरोपीय वंशाची असावीत, हे नवलच म्हणावे लागेल.

अपवाद होते. नॅलो हॉपकिन्सन यांच्या ‘ब्राउन गर्ल इन द रिंग’ (१९९८) या कादंबरीत टोरँटो शहर आणि कॅरिबियन दैवतपरंपरा एकत्र येतात. तथापि कपाटांचा पेच सर्वाधिक स्पष्ट होतो तो एल. ए. बँक्स यांच्या उदाहरणात. फिलाडेल्फियाच्या या लेखिकेने लेस्ली एस्डेल या नावाने अ‍ॅराबेस्क मालेसाठी प्रणयकादंबऱ्या लिहिल्या होत्या. २००३ मध्ये ‘मिनियन’ या कादंबरीने त्यांनी पिशाचांच्या शिकारीची दीर्घ मालिका आरंभली. तिची नायिका डमाली रिचर्ड्स ही मंचावर काव्य सादर करणारी कृष्णवर्णीय कलावती आहे. तिचा प्रियकर लॅटिनो आहे. ही मालिका भयकथा, प्रणयकथा, अद्भुतकथा की आफ्रिकन-अमेरिकन साहित्य? चारही उत्तरे बरोबर होती आणि कपाट एकच निवडावे लागत होते. २०११ मध्ये बँक्स यांचे निधन झाले, तोवर बारा कादंबऱ्यांची ही मालिका पूर्ण झालेली होती.

मुखपृष्ठेही वाट चुकवीत. ऑक्टेव्हिया बटलर यांच्या ‘डॉन’ (१९८७) या विज्ञानकादंबरीची नायिका लिलिथ कृष्णवर्णीय असताना पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर गौरवर्णीय स्त्री रंगविली गेली. दोन दशकांनंतरही हा प्रकार थांबला नव्हता. २००९ मध्ये जस्टिन लार्बालेस्टियर यांच्या ‘लायर’ या किशोरकादंबरीच्या अमेरिकी आवृत्तीसाठी असेच चित्र योजले गेले; टीका झाल्यावर प्रकाशनापूर्वी ते बदलण्यात आले. येथे वाचकाची फसवणूक दुहेरी होते. ज्याला हे पुस्तक हवे आहे तो ते उचलत नाही, आणि ते खपले नाही की अशा नायिकांना वाचक नाहीत असा निष्कर्ष काढला जातो.

मोजदाद आणि तिची मर्यादा

पुढील घडामोडी संस्थात्मक आहेत. अ‍ॅराबेस्क १९९८ मध्ये बीईटी या दूरचित्रवाणी कंपनीकडे आणि २००५ मध्ये हार्लेक्विनकडे गेली. तिच्यातून ‘किमानी’ उभी राहिली. २०१७ मध्ये हार्लेक्विनने किमानी बंद करण्याचे जाहीर केले आणि २०१८ अखेर ती थांबली. कॅलिफोर्नियातील ‘द रिप्ड बॉडिस’ या प्रणयकादंबऱ्यांच्या दुकानाने २०१६ सालापासून प्रमुख प्रकाशकांची मोजणी सुरू केली. त्या वर्षीच्या पुस्तकांपैकी केवळ ७.८ टक्के गौरेतर लेखकांची होती. ही मोजणी लेखकांची आहे, पात्रांची नव्हे. यर्बींचे उदाहरण लक्षात घेता हा भेद किरकोळ नाही. लेखकसंघटनेने २०१८ मध्ये स्वतःच मान्य केले की तिच्या ‘रिटा’ पुरस्काराच्या अंतिम यादीत कृष्णवर्णीय लेखकांच्या पुस्तकांचे प्रमाण आजवर अर्धा टक्काही नव्हते. २०१९ मध्ये केनेडी रायन आणि एम. मालोन यांना तो प्रथमच मिळाला. पुढे संघटनेतील वर्णविषयक वादानंतर रिटाच्या जागी व्हिव्हियन स्टीफन्स यांच्या नावाचा पुरस्कार आला. २०२१ मध्ये, पहिल्याच वर्षी, तो वुंडेड नीच्या हत्याकांडात सहभागी झालेल्या नायकाच्या कादंबरीला दिला गेला आणि मागे घ्यावा लागला. २०२४ मध्ये संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला.

या इतिहासाच्या अभ्यासकापुढे साधनांचीही अडचण आहे. स्वस्त पेपरबॅक दुकानाच्या मांडणीवर थोडे आठवडेच राहते. न विकलेल्या प्रतीचे केवळ मुखपृष्ठ फाडून प्रकाशकाकडे परत पाठवायचे आणि उरलेले पुस्तक रद्दीत घालायचे, ही अमेरिकन ग्रंथव्यवहाराची रीत होती. ओहायोतील बोलिंग ग्रीन स्टेट युनिव्हर्सिटीचे, १९६९ मध्ये रे ब्राउन यांनी स्थापिलेले लोकप्रिय संस्कृतीचे ग्रंथालय अशा कादंबऱ्या जपते. सर्वसामान्य ग्रंथालयांनी मात्र त्या जपण्याजोग्या मानल्या नव्हत्या. ज्या मुखपृष्ठावरून वाचक आपली नायिका ओळखत असे, तेच फाडून हिशेबासाठी परत जात असे. आणि मागे उरलेल्या, मुखपृष्ठ नसलेल्या पुस्तकातील नायिका कोण होती हे रद्दीच्या गोदामात पाहणारे कोणी नव्हते.