काडतुसाची पुंगळी

काडतुसाची पुंगळी : काडतुसातील गोळी, दारू व टोपी (प्रायमर) यांना एकत्र धरून ठेवणारे, बहुधा पितळी, नळीसारखे कवच. ‘काडतूस’ हा शब्द मूळ पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. बार उडाल्यावर गोळी निघून जाते, दारू जळते व टोपी निकामी होते. पुंगळी तेवढी मागे उरते. ती पुन्हा भरून वापरावी, की मोजून परत घ्यावी व वितळवावी, या प्रश्नाची उत्तरे देशपरत्वे निरनिराळी मिळाली. त्यांमागे धातुविद्या व काटकसर यांच्याइतकाच राज्यकारभाराचाही विचार होता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काडतुसे कागदी असत. एन्‌फील्ड बंदुकीच्या कागदी काडतुसांना लावलेल्या चरबीवरून १८५७ मध्ये हिंदी पलटणींत असंतोष भडकला, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतरच्या दशकात धातूच्या कवचाची काडतुसे प्रचारात आली. १८६६ च्या सुमारास वुलिच येथील एडवर्ड बॉक्सर याने स्नायडर बंदुकीसाठी पितळी पत्र्याच्या गुंडाळीचे काडतूस तयार केले. ही गुंडाळी बंदुकीत अडकून बसे. सुदानच्या मोहिमेत (१८८४–८५) हा दोष फार जाणवल्यामुळे पुढे एकाच पितळी वाटीपासून ओढून काढलेली अखंड पुंगळी रूढ झाली. पुंगळीच्या पुनर्वापराला खरा वाव या अखंड पुंगळीने मिळाला.

पुंगळीसाठी सु. ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेले पितळ वापरतात. बार होताना ते वायूंच्या दाबाने फुगून बंदुकीच्या कोठ्याला घट्ट चिकटते व वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरताच किंचित आकसते, म्हणून पुंगळी बाहेर काढता येते. तथापि ती मूळ मापावर पूर्णपणे परतत नाही. तिचा घेर वाढलेला असतो व लांबीही थोडी वाढते. म्हणून पुनर्वापरापूर्वी तिला वंगण लावून पोलादी साच्यात दाबतात व वाढलेले तोंड कापून मापात आणतात. ज्या रायफलीचा कोठा सैल, तिच्यात पुंगळी अधिक ताणली जाते. अशी पुंगळी वारंवार वापरल्यास बुडाजवळ पातळ होऊन तुटण्याचा धोका असतो. ली-एन्‌फील्ड रायफलीच्या बाबतीत हा अनुभव विशेष येतो. दर वेळी फुगण्या-दाबण्याने पितळ कठीण व ठिसूळ होत जाते. त्यावर अनुशीतन, म्हणजे तापवून मऊ करणे, हा उपाय आहे. जुन्या टोप्यांतील पाऱ्याचे संयुगही पितळाला ठिसूळ करीत असे.

पितळाच्या या आंतरिक ताणाचा एक बोधप्रद अनुभव ब्रिटिशांना हिंदुस्थानातच आला. पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांना, ती न उडवताही, तडे जात. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा व पुंगळी ओढताना पितळात राहिलेला ताण यांचा तो एकत्रित परिणाम होता. १९२१ च्या सुमारास इंग्लंडमधील धातुतज्ञांनी त्याची उपपत्ती लावली. सौम्य अनुशीतन व कोरडी साठवण यांमुळे हा दोष आटोक्यात आला.

पुनर्वापर सुकर की दुष्कर, हे बऱ्याच अंशी टोपीच्या रचनेवर ठरते. बॉक्सरच्या टोपीत ऐरण टोपीतच असून पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असते. त्यामुळे जुनी टोपी काडीने ढकलून काढता येते. अमेरिकन हायरम बर्डन याच्या रचनेत ऐरण पुंगळीच्या बुडातच घडवलेली असून छिद्रे बाजूला असतात. टोपी काढणे कष्टाचे होते. इंग्रजाची रचना अमेरिकेत रुळली व अमेरिकनाची इंग्लंडच्या सैनिकी काडतुसांत, हा इतिहासातील एक विरोधाभास होय. अमेरिकेतील सीमाभागांत सैनिक व शिकारी पुंगळ्या पुन्हा भरीत व त्यासाठीची हत्यारे बाजारात मिळत. याउलट ब्रिटिशांच्या ०·३०३ इंची काडतुसात कॉर्डाइटच्या काड्या आधी भरून नंतर पुंगळीची मान आवळीत. ते काडतूस सैनिकाने पुन्हा भरावे अशी अपेक्षाच नव्हती.

हिंदुस्थानात या तांत्रिक कारणाला राजकीय कारणाची जोड होती. १८५७ नंतर शस्त्रे व दारूगोळा यांवर सरकारने कडक नियंत्रण ठेवले. लहान शस्त्रांच्या काडतुसांचे उत्पादन कलकत्त्याजवळील डमडम व पुण्याजवळील खडकी (स्थापना १८६९) येथील सरकारी कारखान्यांत एकवटले. १८७८ च्या शस्त्र कायद्यान्वये हिंदी लोकांना परवान्यावाचून शस्त्र वा दारूगोळा बाळगता येत नसे. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमानेही काडतुसांच्या निर्मितीस परवाना आवश्यक ठरवला असून, ‘दारूगोळा’ या संज्ञेत दारूगोळ्याचे सुटे भाग व तो तयार करण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश केला आहे. त्यामुळे घरगुती पुनर्भरणाची परंपरा येथे रुजली नाही. स्वातंत्र्योत्तर काळात जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथेही काडतुसांचा कारखाना उभारण्यात आला. २०२१ पासून खडकी व वरणगाव हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहेत.

पुंगळीच्या बुडावर कारखान्याची खूण व वर्ष ठोकलेले असते. त्यावरून तिचे मूळ कळते. पोलीस दलांत नेमबाजीच्या सरावानंतर मैदानावरील पुंगळ्या वेचून, मोजून जमा करण्याची रीत आहे. सोलापूरनजीक सोरेगाव येथे ज्याच्या एका गटाचे केंद्र आहे त्या राज्य राखीव पोलीस बलासारख्या सशस्त्र दलांत काडतुसांचा हिशेब या रिकाम्या पुंगळ्यांवरूनच पुरा होतो : दिलेली काडतुसे, परत आलेली काडतुसे व जमा झालेल्या पुंगळ्या यांचा मेळ बसावा लागतो. एक पुंगळी कमी भरली, तर ते काडतूस खरोखर उडाले की हातातून निसटले, हे सांगता येत नाही. पुंगळीचे पितळ भंगार म्हणून वितळवता येते. अमेरिकन शिकाऱ्याने काटकसर म्हणून जपलेली पुंगळी भारतात अशा रीतीने प्रामुख्याने पुरावा म्हणून जपली गेली.