मॅजिकार्पचे दहा हजार गुण

या स्मरणिकेत शाळेच्या इमारतीचा इतिहास येईल, स्नेहसंमेलनांचा येईल, दहावीच्या निकालांचाही येईल. मी ज्याचा इतिहास लिहितो आहे त्याची नोंद शाळेच्या कोणत्याही रजिस्टरात सापडणार नाही. २००६ ते २००९ या वर्षांत आपल्या वर्गातली निम्मी मुलं-मुली मधल्या सुट्टीत डबा खाता खाता एकाच प्रश्नावर वाद घालत असत: पोकेमॉनची लेव्हल कमीत कमी वेळात कशी वाढवायची? सर आणि बाई हे वाचून कपाळाला हात लावतील. तरीही हा इतिहास लिहून ठेवण्यासारखा आहे, कारण त्यात गणित आहे, पैशांचा हिशेब आहे आणि त्या वेळचं वाकड आहे.

ज्यांचा या खेळाशी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निन्टेंडोच्या गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रावर 'रेड' आणि 'ग्रीन' असे दोन खेळ आले. ते रचणारे सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करायचे. तोच छंद त्यांनी खेळात उतरवला. १५१ काल्पनिक प्राणी. ते पकडायचे, लढवायचे. लढाई जिंकली की अनुभवाचे गुण मिळतात, गुण साठले की लेव्हल वाढते, १ पासून १०० पर्यंत. ठरावीक लेव्हलला काही प्राण्यांचं रूप पालटतं आणि ताकद वाढते. आपल्याकडे आधी आली ती कार्टून नेटवर्कवरची मालिका आणि चिप्सच्या पाकिटातले टॅझो. खेळ हाती लागला त्यानंतर.

गेम बॉय आपल्या वर्गात कुणाकडेच नव्हता. आपण खेळलो तो २००४ सालचा 'फायररेड', आणि तोही कॉम्प्युटरवर एम्युलेटर टाकून. इथे वाकडचा भूगोल मध्ये येतो. हिंजवडीच्या आयटी पार्कमुळे शेतांच्या जागी सोसायट्या उभ्या राहत होत्या. वर्गात अर्धी मुलं गावठाणातली आणि वस्त्यांवरची, अर्धी या नव्या सोसायट्यांतली. घरी कॉम्प्युटर असायचा तो बहुधा सोसायटीतल्या मुलांकडे. बाकीच्यांसाठी सायबर कॅफे होता, तासाला वीस रुपये. घरी खेळणाऱ्याने गवतात दोन तास भटकून एक लेव्हल वाढवली तरी त्याचं काही बिघडत नव्हतं. कॅफेत बसणाऱ्याच्या डोक्यावर मात्र घड्याळ आणि खिशात एकच नोट. 'कमीत कमी वेळात' या शब्दांचा खरा अर्थ त्यालाच कळत होता.

म्हणूनच या विषयातला आपल्या वर्गाचा सगळ्यात मोठा तज्ज्ञ गावठाणातला निघाला. त्याचं नाव लिहिलं तर तो मला मेळाव्यात सर्वांसमोर झापेल, म्हणून लिहीत नाही, तुम्ही ओळखालच. त्याचे वडील चिंचवडच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे. त्याला आठवड्यातून एक तास मिळायचा, रविवारी सकाळी. उरलेले सहा दिवस तो शंभर पानी वहीत त्या एका तासाचं नियोजन करायचा. लागणारे आकडे सोसायटीतल्या एका मुलीने वडिलांच्या ऑफिसातून प्रिंट काढून आणले होते. तिच्याकडे कॉम्प्युटर होता पण हिशेबाचा कंटाळा. याच्याकडे हिशेब होता पण कॉम्प्युटर नाही. दोघांनी मिळून ती वही भरली आणि मग ती वर्गभर फिरली.

वहीतलं पहिलं पान घनाचं होतं. आठवीत सरांनी घन आणि घनमूळ शिकवलं तेव्हा मागच्या दोन बाकांवर अचानक एवढा उत्साह का आला, हे सरांना आज कळेल. बऱ्याच पोकेमॉनच्या बाबतीत एखाद्या लेव्हलला पोचायला एकूण जितके गुण लागतात, ते त्या लेव्हलच्या घनाइतके असतात. २० व्या लेव्हलला ८,०००, ५० व्या लेव्हलला १,२५,०००, १०० व्या लेव्हलला १०,००,०००. म्हणजे ५० व्या लेव्हलला पोचलेल्याला वाटतं की निम्मं काम झालं, प्रत्यक्षात झालेला असतो आठवा हिस्सा. शेवटच्या दहा लेव्हलनाच २,७१,००० गुण लागतात. काही जाती सावकाश वाढणाऱ्या. त्यांना घनाच्या सव्वापट गुण लागतात. मॅजिकार्प हा मासा त्यांतलाच. तो ५०० च्या भावात विकत मिळतो आणि सुरुवातीला त्याला पाण्यात उड्या मारण्यापलीकडे काहीच येत नाही. पण २० व्या लेव्हलला त्याचा ग्याराडोस होतो आणि मग त्याच्यासमोर भलेभले टिकत नाहीत. २० चा घन ८,०००, त्याचे सव्वापट १०,०००. वर्गातला प्रत्येक नवा खेळाडू या दहा हजारांच्या परीक्षेतून गेला आहे.

दुसऱ्या पानावर लढाईचं सूत्र होतं. प्रत्येक जातीचा एक मूळ आकडा असतो. त्याला हरलेल्या प्राण्याच्या लेव्हलने गुणायचं आणि ७ ने भागायचं. मूळ आकडा १०० आणि लेव्हल ३५ असेल तर ५०० गुण. हाच प्राणी जंगली नसून एखाद्या प्रशिक्षकाचा असेल तर दीडपट, म्हणजे ७५०. यावरून वहीतला पहिला नियम निघाला: गवतात भटकू नका, प्रशिक्षकांशी लढा. व्हर्मिलियन शहरात 'व्हीएस सीकर' नावाचं यंत्र मिळतं. शंभर पावलं चाललं की ते पुन्हा तयार होतं आणि हरलेले प्रशिक्षक पुन्हा लढायला उभे राहू शकतात. पुढे खेळाच्या शेवटचे चार मातब्बर आणि विजेता यांच्याशी हवं तितक्या वेळा लढता येतं. ज्याचा संघ तिथवर पोचला, त्याने दुसरीकडे वेळ घालवू नये, असं वहीत लाल पेनाने लिहिलं होतं.

पण मॅजिकार्प लढणार कसा? इथे सूत्राचा शेवटचा भाग कामाला येतो. मिळालेले गुण लढाईत भाग घेतलेल्या सर्वांत सारखे वाटले जातात, कुणी किती मारलं याला महत्त्व नाही. म्हणून दुबळ्याला पुढे उभं करायचं, लगेच मागे घ्यायचं आणि बलवानाला आत सोडायचं. लढतो एक, निम्मे गुण मात्र दुसऱ्याला. बाई गटकार्याला सगळ्या गटाला सारखे गुण द्यायच्या, अगदी तसंच. ५० जाती गोळा केल्या की 'एक्सपी शेअर' नावाची वस्तू मिळते. ती ज्याच्याजवळ असेल तो रिंगणात न उतरताही निम्म्या गुणांचा धनी होतो. तिसरा मार्ग पाळणाघराचा. तिथे ठेवलेल्या प्राण्याला तुम्ही चाललेल्या प्रत्येक पावलामागे एक गुण मिळतो. फी मूळ १०० आणि वाढलेल्या दर लेव्हलमागे आणखी १००, अर्थात खेळातल्या पैशात. एम्युलेटरवर स्पेसबार दाबून धरला की खेळ धावत सुटायचा. त्यामुळे कॅफेत एका हाताने स्पेसबार आणि दुसऱ्या हाताने बाणांची बटणं दाबत दहा हजार पावलं चालणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. मात्र पाळणाघरात रूप पालटत नाही. शेवटची एक लेव्हल बाहेर आणूनच वाढवावी लागते.

चौथा मार्ग चीट कोडचा. 'रेअर कँडी' ही गोळी दिली की एक लेव्हल वाढते. कोड टाकून अशा हव्या तितक्या गोळ्या मिळवायच्या आणि पाच मिनिटांत १०० वी लेव्हल गाठायची. यावर वर्गात उभे दोन गट पडले होते. वाद मिटवला तो वहीनेच. लढून वाढलेल्या प्राण्याला लेव्हलशिवाय आणखी काही मिळत असतं, जे पडद्यावर कुठेच दिसत नाही. हरवलेल्या प्रत्येक जातीमागे वेग, हल्ला, बचाव अशा एखाद्या गुणात थोडी थोडी भर पडत जाते. एकूण मर्यादा ५१०, एका गुणात २५५. अशा दर चारमागे १०० व्या लेव्हलला त्या गुणाचा आकडा एकाने वाढतो. म्हणजे नुसत्या गोळ्यांवर वाढलेला आणि नीट लढून वाढलेला असे एकाच जातीचे दोन प्राणी घेतले, तर दोघांवर १०० च लिहिलेलं असतं, पण एखाद्या गुणात ६३ पर्यंत फरक पडू शकतो. वहीत दोघांचे आकडे शेजारी शेजारी मांडलेले होते. ते पान पाहिल्यावर गोळ्यावाल्यांचा आवाज जरा खाली आला.

एक मार्ग मात्र आपल्याला बंद होता. अदलाबदलीत दुसऱ्याकडून आलेल्या पोकेमॉनला नेहमीच्या दीडपट गुण मिळतात. शिवाय काही जातींचं अंतिम रूप अदलाबदलीशिवाय येतच नाही. दोन गेम बॉय केबलने जोडले जावेत, दोन मुलांनी एकमेकांशेजारी बसावं, ही तर या खेळामागची मूळ कल्पना. आपल्याकडे यंत्रही नव्हतं आणि केबलही. त्यामुळे कडाब्राचा अलाकझाम आपल्या वर्गात कुणालाच मिळाला नाही. केबलचं काम वहीने केलं. आपण प्राणी बदलू शकलो नाही, पण माहिती बदलली. नाहीतर गावठाण आणि सोसायटी यांची बाकं वेगळी होती, घरी येणंजाणं नव्हतं. माझ्या आठवणीत ती भिंत सगळ्यात आधी या वहीने ओलांडली.

शाळा सुटली, पुढे खेळही बदलत गेला. २०१० च्या 'ब्लॅक' आणि 'व्हाइट'मध्ये सूत्रात जिंकणाऱ्याची लेव्हलही धरली जाऊ लागली: दुबळ्याने बलवानाला हरवलं तर जास्त गुण, बलवानाने दुबळ्याला हरवलं तर कमी. २०१३ च्या 'एक्स' आणि 'वाय'मध्ये एक्सपी शेअर एकाच प्राण्यापुरता न राहता सगळ्या संघाला लागू झाला. २०१९ च्या 'सोर्ड' आणि 'शील्ड'मध्ये तो बंदही करता येईना. त्याच खेळात गुणांच्या गोळ्या आल्या. त्यातली सर्वांत मोठी ३०,००० गुणांची, तिच्या खालची १०,००० ची. म्हणजे आपल्या वेळचा मॅजिकार्प आता एका गोळीत ग्याराडोसच्या उंबरठ्यावर येतो. माझ्या भाचीला मी दुबळ्याला पुढे उभं करण्याची युक्ती सांगितली, तर तिने विचारलं, "पण मामा, सगळ्यांना आपोआप मिळतात ना?" मिळतात. नोकरी सांभाळून खेळणाऱ्याला ही सोय बरीच वाटते, मलाही वाटते. फक्त त्या सोयीत वहीची गरज उरत नाही आणि वही मागायला शेजारच्या बाकावर जाण्याचीही.

जुलै २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो' आला. भारतात तो अधिकृतपणे डिसेंबर २०१६ मध्ये जिओच्या साथीने आला. यात मुख्य लेव्हल प्राण्याची नसून खेळणाऱ्याची. ४० व्या लेव्हलला एकूण दोन कोटी गुण लागायचे. सुरुवातीचा जलद मार्ग म्हणजे पिजी नावाच्या साध्या पाखराचा. १२ कँडीत त्याचं रूप पालटायचं आणि ५०० गुण मिळायचे. आधी 'लकी एग' वापरलं तर अर्धा तास सगळे गुण दुप्पट. त्या अर्ध्या तासात साठ पिजी पालटले की साठ हजार. पण दोन कोटींसमोर साठ हजार म्हणजे किती, हे आपल्या वर्गाला सांगायला नको.

मग जून २०१८ मध्ये खेळात मैत्री आली. मित्राला रोज भेट पाठवायची, त्याने ती उघडायची. दिवसाला एकच दिवस मोजला जातो, घाई चालत नाही. असे ९० दिवस झाले की दोघांनाही एक लाख गुण. त्या क्षणी लकी एग चालू असेल तर दोन लाख. दीड-दोन तास पिजी पालटून जेवढं मिळतं, ते एका मित्राने एका क्षणात. ज्या वर्षी हे आलं, त्या वर्षी मी दहावीनंतर पहिल्यांदा आपल्या वर्गातल्या अकरा जणांशी सलग तीन महिने संपर्कात होतो. नव्वदाव्या दिवशी फोन करावाच लागतो: "थांब, उघडू नकोस, मी आधी अंडं लावतो." प्रत्येक भेटीवर ती जिथून घेतली तिथला फोटो असतो. कुणाचा चाकणचा, कुणाचा बंगळुरूचा, कुणाचा जर्मनीतला.

इतकी वर्षं सूत्रं बदलत गेली, पण एक गोष्ट मला सगळीकडे सारखी दिसते. भराभर वाढण्याचा मार्ग दर वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी सोबतीतून गेला: पुढे लढणारा बलवान, अदलाबदल करणारा शेजारी, रोज भेट उघडणारा मित्र. एकट्याने वाढता येतं, गोळ्या खाऊनही वाढता येतं. वेळ मात्र जास्त लागतो किंवा ताकद कमी पडते.

आपला तज्ज्ञ आज चाकणच्या एका कारखान्यात उत्पादनाचं नियोजन पाहतो. कोणत्या मशीनवर किती सेकंद जातात, ते कुठे वाचवता येतील, हे त्याचं रोजचं काम. सरांनी त्याला हे शिकवलंच, पण सराव कुठे झाला तेही सरांना कळावं म्हणून हा लेख.

आता एक विनंती. ती शंभर पानी वही शेवटी कुणाकडे राहिली, यावर दोन मतं आहेत. ज्या कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत किंवा जुन्या दप्तरात ती असेल, त्याने मेळाव्याला येताना ती घेऊन यावी. झेरॉक्स काढून परत देण्याची जबाबदारी माझी.