मोबाइल विचारतो ‘अलाऊ?’; बोट लावण्याआधी अर्थ समजून घ्या

बदलापूर : नवीन अ‍ॅप उघडलं की मोबाइलवर एक चौकट येते. खाली बटण असतं, ‘अलाऊ’. घाईत बरेच जण ते दाबून मोकळे होतात. पण हे एक बटण कधी कधी बँकेच्या खात्यापर्यंत पोहोचतं.

अर्थ काय?
अलाऊ हे इंग्रजी क्रियापद. अर्थ : परवानगी देणे, मुभा देणे, होऊ देणे. ‘अलाऊड’ म्हणजे परवानगी असलेलं. पगारात मिळणारा ‘अलाऊन्स’, म्हणजे भत्ता, हा शब्दही त्याच कुळातला.

बोलण्यातला वापर
आपल्याकडे हा शब्द बहुतेक ‘नाही’ला जोडूनच येतो. ‘सेकंड क्लासचा पास फर्स्ट क्लासच्या डब्यात अलाऊड नाही,’ असं अंबरनाथ-बदलापूरच्या लोकलमध्ये सर्रास बोललं जातं. पावसाळ्यात कोंडेश्वरला बंदी लागली की ‘तिकडं अलाऊ करत नाहीत,’ असं पोरं एकमेकांना सांगतात.

मोबाइलवरचा वापर
इथं मात्र परवानगी देणारे मालक आपण असतो. ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपमध्ये भाताची नोंद करताना कॅमेरा आणि लोकेशन लागतं, कारण शेतात उभं राहूनच फोटो काढायचा असतो. तिथं अलाऊ करावंच लागतं. तेव्हा ‘अ‍ॅप वापरात असताना’ हा पर्याय निवडला की पुरे.

धोका कुठे?
पीएम किसानचा हप्ता किंवा गाडीचं ई-चलान असं सांगून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल पाठवली जाते. ती उघडली की एसएमएस वाचायची परवानगी मागते. अलाऊ केलं तर बँकेचा ओटीपी आपण न सांगताच समोरच्याला दिसतो. सरकारी योजनेचं अ‍ॅप अशा फाइलमधून घेऊ नका, प्ले स्टोअरवरूनच घ्या.

चुकून दाबलं तर?
आधी इंटरनेट बंद करा. सेटिंगमध्ये ‘अ‍ॅप्स’मध्ये जाऊन ते अ‍ॅप काढून टाका. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

लक्षात ठेवा : हिशोबाच्या अ‍ॅपला मेसेज कशाला वाचायचेत, बॅटरीच्या अ‍ॅपला फोन नंबर कशाला हवेत? कारण पटत नसेल, तर ‘डोन्ट अलाऊ’ दाबा.