‘एम’ (१९३१) : एकच दृश्य, दोन परस्परविरोधी साक्षी

१/
११ मे १९३१. बर्लिनच्या ‘उफा-पालास्ट आम झू’ या भव्य चित्रपटगृहात फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा पहिला बोलपट प्रदर्शित झाला. नाव एकाक्षरी : ‘एम’. ‘म्योर्डर’ म्हणजे खुनी, या जर्मन शब्दाचे ते आद्याक्षर. बालकांचे खून करणाऱ्या माणसाची ही कथा जर्मनीत कोणी कशी पाहिली, याचा हा धागा.

२/
प्रथम काळ पाहू. वायमार प्रजासत्ताक डबघाईला आले होते. बेरोजगारांची संख्या ४० लाखांच्या घरात होती. सप्टेंबर १९३० च्या निवडणुकीत नाझी पक्षाने १०७ जागा जिंकल्या होत्या. त्याच डिसेंबरमध्ये ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ हा युद्धविरोधी चित्रपट गोबेल्सच्या अनुयायांनी उंदीर सोडून आणि दुर्गंधीच्या कुप्या फोडून बंद पाडला होता. चित्रपटगृह हे तेव्हा राजकारणाचे रणांगणच होते.

३/
दुसरा संदर्भ न्यायालयातला. ड्युसेलडॉर्फ शहराला भयग्रस्त करून सोडणारा पीटर क्युर्टेन मे १९३० मध्ये पकडला गेला. एप्रिल १९३१ मध्ये खटला चालला आणि ९ खुनांबद्दल त्याला देहदंड ठोठावण्यात आला. ‘एम’ झळकला तेव्हा त्या शिक्षेची अंमलबजावणी व्हायची होती. प्रशियात काही वर्षे देहदंड प्रत्यक्षात थांबलेला होता, त्यामुळे सरकार आता काय करणार, हा ज्वलंत प्रश्न होता. चित्रपट क्युर्टेनवर बेतलेला नाही, असे लांग सांगत राहिला. पण प्रेक्षकांच्या मनात त्याचेच नाव होते.

४/
कथा थोडक्यात अशी. खुनी सापडत नाही, म्हणून पोलीस रोज छापे घालतात. त्याने गुन्हेगारी टोळ्यांचा धंदा बसतो. मग टोळ्याच भिकाऱ्यांच्या मदतीने खुन्याचा माग काढतात. एक अंध फुगेवाला शिट्टीवरच्या धुनेवरून त्याला ओळखतो; पाठीवर खडूने ‘एम’ उमटतो; आणि एका ओसाड कारखान्यात गुन्हेगारांचेच ‘न्यायालय’ भरते.

५/
या दृश्यावर सारा वाद उभा राहिला. हान्स बेकर्ट हा खुनी (अभिनेता पीटर लोरे) गुडघे टेकून आक्रोश करतो : तुम्ही गुन्हा स्वेच्छेने करता, मला मात्र आतून कोणी तरी ढकलते. टोळीचा म्होरक्या त्याचा अंत मागतो. आरोपीचा नेमलेला वकील म्हणतो की, आजारी माणसाला मारण्याचा अधिकार कोणालाच नाही. जमाव खवळतो, तोच पोलीस येतात. खऱ्या न्यायालयाचा निकाल चित्रपट दाखवतच नाही.

६/
ही मोकळी जागा प्रत्येकाने आपापल्या मताने भरली. लोरेचा अभिनय आणि ध्वनीचा वापर यांची वाखाणणी झाली. परंतु उदारमतवादी व डाव्या गोटातील काही समीक्षकांना चित्रपटाची संदिग्धता खटकली. देहदंडासारख्या प्रश्नावर दिग्दर्शक बाजूच घेत नाही आणि टोळीवाल्यांना रुबाबदार रंगवतो, हा त्यांचा आक्षेप. भिकाऱ्यांची संघटना पाहून ब्रेख्तच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’ची (१९२८) आठवण होणेही स्वाभाविक होते.

७/
याच काळातल्या एका प्रेक्षकाची प्रतिक्रिया त्याच्या रोजनिशीत टिकून आहे. २१ मे १९३१ च्या नोंदीत योझेफ गोबेल्स चित्रपटावर बेहद्द खूश दिसतो. त्याच्या मते चित्रपट भावविवश मानवतावादाच्या विरोधात आणि देहदंडाच्या बाजूने होता. लांग एक दिवस ‘आपला’ दिग्दर्शक होईल, असेही त्याने नोंदवले. वकिलाचे म्हणणे त्याच्या कानांवर पडलेच नसावे. त्याला ऐकू आला तो जमाव.

८/
२ जुलै १९३१ रोजी कोलोन येथे क्युर्टेनला गिलोटिनवर चढवण्यात आले. पडद्यावर न दिलेला निकाल असा वास्तवात लागला. लांगने पुढे स्वतःला देहदंडाचा विरोधक म्हटले आणि चित्रपटाचा हेतू मातांना सावध करणे हा होता, असे सांगितले. चित्रपटाच्या अखेरीस एक माता म्हणतेच की, अशा शिक्षेने मुले परत येणार नाहीत.

९/
१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. लांगचा पुढचा चित्रपट, ‘डॉ. माबूझेचे मृत्युपत्र’, बंदीत अडकला. गोबेल्सने आपल्याला मोठे पद देऊ केले आणि आपण त्याच रात्री देश सोडला, अशी कथा लांग पुढे रंगवून सांगत असे. त्याच्या पारपत्रावरील शिक्के मात्र त्यानंतरही काही महिने त्याची ये-जा चालू असल्याचे दाखवतात. आत्मकथन आणि कागदपत्रे यांत अंतर पडले, तर इतिहासाच्या अभ्यासकाने कागदाकडे आधी पाहावे, ते यासाठी.

१०/
चित्रपटाशी निगडित माणसांच्या वाटाही फुटल्या. ज्यू असलेला लोरे १९३३ मध्ये देशाबाहेर पडला. टोळीचा म्होरक्या साकारणारा गुस्टाव्ह ग्र्युंडगेन्स नाझी राजवटीत बर्लिनच्या सरकारी रंगभूमीचा प्रमुख झाला. सहलेखिका आणि लांगची तत्कालीन पत्नी थेआ फॉन हार्बो जर्मनीतच राहून चित्रपटांसाठी लिहीत राहिली. ‘एम’वर १९३४ मध्ये बंदी आली.

११/
आणि मग १९४०. फ्रिट्झ हिप्लरचा ‘डेअर एविगं युडं’ (‘चिरंतन ज्यू’) हा विखारी प्रचारपट गोबेल्सच्या मंत्रालयाच्या देखरेखीखाली तयार झाला. त्यात ‘एम’मधील लोरेचा तोच आक्रोश उचलून घातला गेला. युक्तिवाद असा की, ज्यू कलावंत खुन्याविषयी सहानुभूती निर्माण करतात आणि समाज पोखरतात. ज्या चित्रपटात गोबेल्सला १९३१ साली देहदंडाचा पुरस्कार दिसला होता, त्यातलेच दृश्य आता खुन्याच्या कैवाराचा पुरावा म्हणून उभे केले गेले. चित्रफितीतील एकही चौकट बदललेली नव्हती. बदलली होती ती सत्ता, आणि तिची गरज.

१२/
परागंदा झालेला जर्मन समीक्षक झिगफ्रीड क्राकाउअर याने १९४७ मध्ये ‘फ्रॉम कॅलिगारी टू हिटलर’ हा ग्रंथ लिहिला. वायमारकालीन चित्रपटांत जर्मन समाजाच्या अंतर्मनाची लक्षणे तो शोधत होता, आणि ‘एम’मध्ये त्याला हुकूमशाही व अराजक यांच्यामध्ये हेलकावणारे मन दिसले. पुढे काय घडले हे ठाऊक असताना मागचे वाचणे सोपे असते, ही त्याच्यावरची टीका रास्तच आहे. तरी चित्रपट हे इतिहासाचे साधन मानण्याची वाट रुंद झाली ती अशा लेखनामुळेच.

१३/
म्हणून ‘एम’ पाहताना खुन्यापेक्षा गर्दीकडे लक्ष द्यावे. रस्त्यात एका मुलीने वेळ विचारली म्हणून तिच्याशी बोलणाऱ्या निरपराध वृद्धाभोवती क्षणात जमाव गोळा होतो. पुरावा कोणी विचारत नाही. ते दृश्य काही मिनिटांत संपते आणि कथा पुढे जाते. १९३१ च्या प्रेक्षकांनी आक्रोश करणाऱ्या बेकर्टवर पुष्कळ वाद घातला. त्या वृद्धाविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही.