इंजेक्शनच्या गाडीला कार्ब्युरेटर लावताना पेट्रोलचा दाब कसा सांभाळायचा?

जुनी मारुती ८०० आठवते? २००० च्या सुमारास तिचा कार्ब्युरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. जवळपास सगळ्या गाड्यांचा प्रवास याच दिशेने झाला. पण काही जण उलट जातात: इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर लावतात. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या एलएस मालिकेतल्या व्ही-८ इंजिनांवर हे सर्रास होतं, तर ब्रिटनमध्ये फोर्डच्या झेटेक इंजिनाला वेबर कार्ब्युरेटर लावून किट कार बनवतात. कुणाला जुन्या गाडीत नवं इंजिन जुन्या रूपात हवं असतं, कुणाला रेससाठी कॉम्प्युटरशिवाय चालणारी साधी व्यवस्था हवी असते.

कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड आणि इग्निशन यांवर बराच विचार होतो. पेट्रोलच्या दाबाकडे मात्र दुर्लक्ष होतं, आणि गाडी पेटण्याचा धोका नेमका तिथेच असतो.

दोन्हींच्या दाबात एवढा फरक का?

इंजेक्टर म्हणजे बारीक फवारा. क्षणभर उघडून त्याला पेट्रोलचे सूक्ष्म तुषार उडवायचे असतात. त्यासाठी रेलमध्ये साधारण ३ बार, म्हणजे ४३ पीएसआयच्या आसपास दाब लागतो. बहुतेक एलएस इंजिनांत तो ५८ पीएसआय, म्हणजे ४ बार असतो.

कार्ब्युरेटरला पेट्रोल ढकलून द्यावं लागत नाही. इंजिन आत ओढत असलेली हवा अरुंद भागातून वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो आणि जेटमधून पेट्रोल ओढलं जातं. पंपाचं काम फक्त फ्लोट बाऊल भरलेला ठेवणं, एवढंच. त्यामुळे वेबर डीसीओईला ३ पीएसआयच्या आसपास दाब पुरतो. होलीसारख्या अमेरिकन चार-बॅरल कार्ब्युरेटरला साधारण ६ ते ७ पीएसआय लागतो.

दाब जास्त झाला तर काय होतं?

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक डोळ्यांसमोर आणा. पाणी वर आलं की गोळा उचलला जातो आणि नळ बंद होतो. पण खालची मोटर फारच जोरात पाणी ढकलत असेल, तर बॉलकॉकला ते थोपवता येत नाही आणि टाकी वाहू लागते.

कार्ब्युरेटरमध्ये हेच काम फ्लोट आणि नीडल व्हॉल्व्ह करतात. समजा, नीडलच्या सीटचं भोक २.८ मिलिमीटर व्यासाचं आहे. ६ पीएसआय दाब असेल तर नीडलवर सुमारे २६ ग्रॅम वजनाइतका जोर येतो. तोच दाब ५८ पीएसआय झाला की जोर २५० ग्रॅमपर्यंत जातो. ६ पीएसआयसाठी बनवलेल्या हलक्या फ्लोटला हा जोर पेलत नाही.

मग बाऊल भरून वाहतो. पेट्रोल व्हेंटमधून आणि थ्रोटलमधून खाली मॅनिफोल्डमध्ये जातं. तिथून ते सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं आणि ऑइल पातळ करतं. बाहेर सांडलेलं पेट्रोल गरम एक्झॉस्टवर पडलं, तर आग लागायला वेळ लागत नाही.

मार्ग पहिला: पंपच बदला

सर्वांत सरळ उपाय म्हणजे इंजेक्शनचा पंप काढून कार्ब्युरेटरसाठीचा कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवणं. इंजेक्शनच्या इंजिनांवर जुन्या पद्धतीच्या यांत्रिक पंपाला सहसा जागाच नसते, म्हणून इलेक्ट्रिक पंप घ्यावा लागतो.

इथे दोन गोष्टी सांभाळा. असे पंप पेट्रोल ढकलतात चांगलं, पण ओढण्यात कमी पडतात. म्हणून पंप टाकीजवळ आणि शक्य तेवढा खाली बसवा. दुसरं, टाकीतला जुना पंप बंद करून त्याच्यातूनच पेट्रोल ओढायला जाऊ नका. वाट अडते, नवा पंप उपाशी राहतो. जुना पंप काढून त्या जागी साधा पिकअप पाइप टाका.

मार्ग दुसरा: जुना पंप ठेवा, रिटर्नचा रेग्युलेटर लावा

टाकीतला मूळ पंप चांगला असेल तर तो ठेवता येतो, पण योग्य रेग्युलेटर हवा. रेग्युलेटर दोन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार डेडहेड. हा फक्त वाट अरुंद करून पुढचा दाब कमी करतो. उरलेलं पेट्रोल परत जायला जागाच नसते. इंजेक्शनच्या पंपापुढे हा लावला तर पंप बंद दारावर धडका देत राहतो आणि तापतो. शिवाय असे बरेच रेग्युलेटर एवढा इनलेट दाब सोसण्यासाठी बनवलेलेच नसतात. त्यातून हळूहळू दाब झिरपतो आणि कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो.

दुसरा प्रकार बायपास. यात जादा पेट्रोल रिटर्न लाइनने टाकीत परत जातं. इंजेक्शनचा पंप ठेवायचा असेल तर कमी दाबासाठी बनवलेला बायपास रेग्युलेटरच घ्या.

रिटर्न लाइन किती जाड हवी, हे हिशेबाने कळतं. ४०० हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण ताकदीवर ताशी साधारण १२० ते १२५ लिटर पेट्रोल पितं. बाजारात मिळणारा एक लोकप्रिय पंप ताशी २५५ लिटर देतो, आणि दाब कमी असला की त्याहून जास्त. गाडी आयडलवर उभी असताना यातलं जवळपास सगळं पेट्रोल परत जायला हवं. रिटर्न लाइन बारीक असेल तर तिच्यातच दाब साठतो, आणि रेग्युलेटरचा स्क्रू कितीही सैल केला तरी काटा खाली येत नाही. म्हणून रिटर्न लाइन सप्लाय लाइनपेक्षा बारीक नको. तिचं दुसरं टोक थेट टाकीत जाऊ द्या, पंपाच्या तोंडाशी जोडू नका.

या मार्गाचा आणखी एक फायदा आहे. पेट्रोल सतत फिरत राहिल्याने बॉनेटखाली तापत बसत नाही, त्यामुळे व्हेपर लॉकचा त्रास कमी होतो.

दाब कसा सेट करायचा?

१. लाइन उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. इंजेक्शनच्या लाइनमध्ये गाडी बंद असतानाही दाब राहतो. थोडं पेट्रोल तरीही सांडेल, म्हणून फडकं आणि अग्निशामक जवळ ठेवा.

२. रेग्युलेटर कार्ब्युरेटरच्या जवळ बसवा. गेज रेग्युलेटर आणि कार्ब्युरेटर यांच्या मधे हवा. ० ते १५ पीएसआयचा गेज घ्या. ० ते १०० च्या गेजवर ३ आणि ६ मधला फरक नीट दिसत नाही.

३. पहिल्यांदा पंप चालू करण्याआधी रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण सैल करा.

४. इंजिन बंद ठेवून पंप दोन मिनिटं चालवा आणि प्रत्येक जोड तपासा.

५. इंजिन आयडलवर ठेवून कार्ब्युरेटरच्या कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर दाब आणा आणि लॉकनट घट्ट करा.

६. शेवटी मोकळ्या ट्रॅकवर पूर्ण थ्रोटल देऊन शेजारी बसलेल्याला गेज बघायला सांगा. दाब कोसळत असेल तर पंप, फिल्टर किंवा लाइन कमी पडते आहे.

गाडी काय सांगते?

पेट्रोलचा वास, काळा धूर, काजळलेले प्लग, डिपस्टिकवरच्या ऑइलला पेट्रोलचा वास: दाब जास्त असण्याची किंवा नीडलमध्ये कचरा अडकल्याची ही लक्षणं आहेत. सुरुवातीला गाडी छान पळते, पण काही सेकंद फुल थ्रोटल दिल्यावर मिसिंग मारते किंवा कार्ब्युरेटरमधून फट् असा आवाज येतो? मग बाऊल रिकामा होतोय, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय.

सर्वांत महत्त्वाचं: अपघातात पंप बंद व्हायला हवा

इंजेक्शनच्या गाडीत इंजिन बंद पडलं की कॉम्प्युटर पंप बंद करतो. कॉम्प्युटर काढला आणि पंपाची वायर थेट चावीला जोडली, की ही सुरक्षा गेली. गाडी उलटली, लाइन तुटली, तरी चावी चालू आहे तोवर पंप पेट्रोल ओतत राहील. म्हणून पंपाच्या रिलेला ऑइल प्रेशर स्विच किंवा इग्निशनच्या पल्सवर चालणारा रिले जोडा. सोबत धक्का बसताच सर्किट तोडणारा इनर्शिया स्विचही लावा. खर्च फार नाही, पण हा भाग वगळून गाडी बाहेर काढू नका.

रबरी पाइपही तपासा. भारतात आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुने रबर आणि जुनी डायफ्रॅम त्याने खराब होऊ शकतात. इथेनॉल सोसणारेच पाइप आणि सुटे भाग घ्या.

भारतात हे करता येतं का?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणीतली माहिती जुळणार नाही असे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. शिवाय ऑक्सिजन सेन्सर आणि कॉम्प्युटर गेल्यावर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हवं तसं मिश्रण मिळत नाही आणि पीयूसीत अडचण येते. त्यामुळे रस्त्यावर रोज चालवायच्या गाडीवर हा प्रयोग नको. ट्रॅकवरच्या गाडीवर करायचा असेल, तर आधी दाबाचा आणि पंप बंद करणाऱ्या स्विचचा बंदोबस्त करा, कार्ब्युरेटर त्यानंतर विकत घ्या.