गिम्पची चौदा वर्षे

लिनक्सच्या डेस्कटॉपवर एखादा प्रोग्रॅम जुनाट लायब्ररीवर चालताना दिसला, की खापर फुटते ते प्रोग्रॅमरच्या आळसावर. 'गिम्प' या चित्रसंपादकाचा इतिहास पाहिला तर हा आरोप टिकत नाही. बर्कलीच्या विद्यापीठातल्या स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये गिम्प लोकांपुढे ठेवला, तेव्हा त्याच्या खिडक्या आणि बटणे 'मोटिफ' या मुक्त नसलेल्या लायब्ररीवर बेतलेली होती. ती टाळण्यासाठी त्यांनी स्वतःची लायब्ररी लिहिली, तीच जीटीके. पुढे 'ग्नोम' हा अख्खा डेस्कटॉप तिच्यावर उभा राहिला आणि तिची दिशा ग्नोमच्या गरजांनी ठरू लागली. जीटीके ३ आली २०११ मध्ये, गिम्प तिच्यावर पोहोचला मार्च २०२५ मध्ये. तोवर जीटीके ४ लाही चार वर्षे उलटून गेली होती.

एवढा उशीर का? जीटीके ३ ने रेखाटनाची जुनी फंक्शन्स काढून टाकली, त्यामुळे तो सगळा कोड नव्याने लिहिणे आले. २.x मालिकेसाठी लोकांनी लिहिलेले प्लगइन बंद पाडायचे नाहीत, हे बंधनही होते. हाताशी मोजकेच स्वयंसेवक. त्यांनी आधी चित्रप्रक्रियेचे इंजिन 'गेगल'वर नेले आणि २०१८ च्या २.१० आवृत्तीत रंगांची वाढीव अचूकता दिली. चित्रकाराच्या दृष्टीने हाच क्रम योग्य होता.

जुन्या लायब्ररीचे तोटे खरेच आहेत. जीटीके २ ला पडदा हाताळणारी नवी 'वेलँड' व्यवस्था कळत नाही, दाट पिक्सेलच्या पडद्यावर तिची बटणे बारीक दिसतात आणि २०२० नंतर तिच्या दुरुस्त्याही थांबल्या. कुणी म्हणेल, फ्लॅटपॅकसारख्या पेटीत प्रोग्रॅमसोबत त्याची लायब्ररीही द्यावी. त्याने प्रोग्रॅम चालू राहतो, पण दुरुस्ती करणारेच उरले नाहीत तर पेटीतही जुनी भोके तशीच राहतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जीटीके २ आणि ३ या दोन्ही आवृत्त्या एकाच यंत्रावर शेजारी नांदू शकत होत्या, मग तक्रार कसली? त्या सोयीने मुदत मिळाली, श्रम वाचले नाहीत. वापरकर्त्याचा चालता प्रोग्रॅम मोडायचा नाही, हा दंडक लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, घालून दिला. जीटीकेने मात्र मोठ्या आवृत्त्यांमध्ये जुनी सुसंगतता सोडली. त्या निर्णयाला तांत्रिक कारणे होती, पण त्याचा खर्च ज्यांच्या माथी पडला त्यांचा निर्णयात फारसा वाटा नव्हता. उशिराचे मूळ आळसात नसून या विषम वाटणीत आहे.